[मंडळ-चर्चा] किचनमधल्या सेफ्टीचे सरकारी नियम नेमके कुठे बघायचे?

प्रेषक: मेधा, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमचं डब्यांचं किचन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. जागा भाड्याची, मला धरून सात जण, सणासुदीला दोनतीन जास्तीचे. परवा पोस्टाने एक पत्र आलं. वर गरुडाचं चित्र, ठळक अक्षरांत 'अंतिम सूचना', खाली मजकूर असा की कामगार कायद्याची पोस्टर्स भिंतीवर नसतील तर दंड होईल, तेव्हा सोबतचा फॉर्म भरून पैसे पाठवा. नवरा म्हणतो, भरून मोकळी हो. मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शनिवारी चकल्यांचा घाणा काढताना आमच्याकडची एक बाई घेरी येऊन खाली बसली. बाहेर नेलं, पाणी दिलं, ओला टॉवेल ठेवला, सावरली. पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. अशा उकाड्यात माणसं उभी करायची तर काय काय करणं कायद्याने माझ्यावर बंधनकारक आहे? गूगलवर शोधलं तर पहिली सगळी पानं सल्लागार कंपन्यांच्या जाहिरातींची. सरकारी साइटवर गेले तर तेलाच्या विहिरीपासून लिफ्टपर्यंत सगळं आहे, माझी कढई कुठे ते सापडेना. कोणी वाट दाखवेल का?

मेधा

---

प्रेषक: सुहास, सनीव्हेल

मेधाताई, पोस्टरवाल्यांना एक डॉलरही पाठवू नका. पण सरकारी ऑफिसला फोन करून 'आमच्याकडे एकीला चक्कर आली' असं सांगायला जाल तर ते हात दाखवून अवलक्षण होईल. आज माहिती विचारायची, उद्या इन्स्पेक्टर दारात. दोन मोठे पंखे घ्या, लिंबू सरबत ठेवा आणि सीझन निभवा. इथले सगळे छोटे धंदे असेच चालतात.

सुहास

---

प्रेषक: श्रीकांतकाका, सँटा क्लारा

मेधा,

मी निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, पण एका चिप कारखान्यात सेफ्टीचंच खातं सांभाळत होतो, त्यामुळे हा विषय निघाला की बोटं आपोआप कीबोर्डवर जातात. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी पोस्टर. ते पत्र खाजगी कंपनीचं आहे. अशी पत्रं मुद्दाम सरकारी वाटतील अशी छापतात. पोस्टर लावणं बंधनकारक आहे हे खरं, पण ते सरकारकडून फुकट मिळतं. कॅलिफोर्नियाच्या औद्योगिक संबंध विभागाच्या, म्हणजे डीआयआरच्या, साइटवर कामाच्या ठिकाणी लावायच्या सूचनांचं एक पानच आहे. तिथून उतरवून घे, प्रिंट काढ, माणसं घड्याळात वेळ नोंदवतात त्या भिंतीवर लाव. स्पॅनिशमधलंही घे, तुझ्याकडे उपयोगी पडेल.

आता नियम. शोधायला बसण्याआधी एक प्रश्न विचारायचा: माझ्यावर हुकूम कोणाचा चालतो? १९७० च्या कायद्याने फेडरल ओशा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची यंत्रणा, आली, आणि त्याच कायद्याने राज्यांना मुभा दिली की हवं तर तुमची यंत्रणा उभी करा, फक्त ती आमच्याइतकी तरी परिणामकारक हवी. आज खाजगी धंद्यांसाठी स्वतःची यंत्रणा असलेली २२ राज्यं आणि प्रदेश आहेत. कॅलिफोर्निया त्यातलं, आणि इथली यंत्रणा, कॅल-ओशा, बऱ्याच बाबतींत फेडरलपेक्षा कडक. म्हणून फेडरल साइटवर तासन्‌तास घालवलेस तरी तुझ्या कढईचा नियम तिथे सापडणार नाही. फेडरल ओशाने उष्णतेच्या नियमाचा प्रस्ताव २०२४ मध्ये मांडला, पण कॅलिफोर्नियात उघड्यावरच्या कामासाठी तो २००५ पासून आहे आणि बंदिस्त जागेसाठी २३ जुलै २०२४ पासून लागू झाला.

तुझा नियम म्हणजे कॅलिफोर्निया नियमसंहितेचं टायटल ८, सेक्शन ३३९६. डीआयआरच्या साइटवर टायटल ८ चा शोध आहे, त्यात नुसता आकडा टाक. मूळ मजकूर वाच, कोणाचा सारांश नको. सेक्शनच्या तळाशी तो कधी आला, कधी बदलला याचा इतिहास असतो, तोही बघायची सवय लाव.

थोडक्यात त्यात काय आहे ते सांगतो. माणसं काम करत असताना आतलं तापमान ८२ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २८ सेल्सिअस झालं की नियम सुरू. पिण्याचं गार पाणी, माणशी ताशी एक क्वार्ट, म्हणजे जवळपास एक लिटर. सात जण आठ तास म्हणजे ५६ क्वार्ट, १४ गॅलन. सगळं सकाळीच भरून ठेवायला हवं असं नाही, भरत राहायची चोख सोय असली की झालं. बसून गार होण्यासाठी जागा हवी, आणि ती ८२ च्या खाली हवी. कोणी म्हणालं मला बसायचंय, तर किमान पाच मिनिटं बसू द्यायचं, आणि त्या वेळात लक्षणं आहेत का ते विचारायचं. लक्षणं दिसली तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही किंवा नुसतं घरी पाठवून द्यायचं नाही. हे सगळं लेखी योजनेत, तुझ्या माणसांना कळणाऱ्या भाषेत. प्रशिक्षणही त्याच भाषेत.

८७ झालं की पुढची पायरी: तापमान मोजून नोंद ठेवायची आणि आधी यंत्राने, म्हणजे एक्झॉस्ट, गार हवा, उष्णतेला आडोसा वगैरे करून, उकाडा कमी करायचा. ते पुरेना तर कामाच्या वेळा बदलायच्या, पाळीपाळीने माणसं फिरवायची. आता तुझ्यासाठी मेख इथे आहे. कढईसमोर हवेपेक्षा आच जास्त लागते. काळ्या गोळ्याचा थर्मामीटर असतो, त्याचा आकडा साध्या थर्मामीटरपेक्षा पाच अंशांनी किंवा जास्त वर गेला, तर ती जागा 'प्रखर आचेची' धरतात आणि तिथे ही पुढची पायरी ८२ लाच लागू होते. म्हणजे दाराजवळच्या भिंतीवरचा थर्मामीटर ८३ दाखवतोय म्हणून निश्चिंत राहू नकोस. घाण्याच्या बाईच्या उंचीला, ती उभी राहते तिथे मोज. आणि सणासाठी घेतलेल्या नव्या माणसांवर अशा जागी पहिले १४ दिवस बारीक लक्ष ठेवायचं, कारण अंगाला उष्णतेची सवय व्हायला वेळ लागतो. जुन्या बाईला जे सोसतं ते नवीला सोसेल असं नाही.

याशिवाय सेक्शन ३२०३. प्रत्येक मालकाकडे इजा आणि आजार टाळण्याची लेखी योजना हवी, माणसं दोन असोत की दोनशे. घाबरू नकोस, कॅल-ओशाच्या प्रकाशनांच्या पानावर तिचा कोरा नमुना मिळतो. पण नाव भरून फाइल करून ठेवलास तर त्याचा उपयोग शून्य. भोसरीत असताना फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा म्हटलं की आधी फाइली नीट लागायच्या आणि मग मशीनवरची गार्डं. तो क्रम उलटा ठेव.

सुहास, आता तुझ्याकडे येतो. फोन केला की इन्स्पेक्टर येतो हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. कॅल-ओशाची दोन वेगळी अंगं आहेत. एक अंमलबजावणीचं, जे दंड करतं. दुसरं सल्ल्याचं, कन्सल्टेशन. ते मोफत आहे, जागेवर येऊन बघतात आणि दंड लावत नाहीत. अट एकच: गंभीर धोका सापडला तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचा. ते करायचं नाकारलंस तर मात्र प्रकरण दुसऱ्या अंगाकडे जाऊ शकतं. नंबर १-८००-९६३-९४२४. मेधा, उद्याच लाव.

श्रीकांत

---

प्रेषक: अमृता, सॅन होजे

काकांनी मालकाची बाजू नीट सांगितली. मी दवाखान्यात दुसरी बाजू बघते, म्हणून चार ओळी.

सुहासदादा, 'सीझन निभवा' हे घाण्याला उभ्या असलेल्या बाईला सांगून बघा. ती स्वतःहून बोलत नाही, कारण तिला वाटतं तास कमी होतील. आणि हे फक्त किचनपुरतं नाही, कुठेही लागू आहे: तक्रार करणाऱ्याचं नाव कॅल-ओशा गुप्त ठेवते, आणि धोक्याबद्दल बोलल्यामुळे कामावरून काढणं किंवा तास कापणं बेकायदा आहे. तसं झालंच तर लेबर कमिशनरकडे एक वर्षाच्या आत दाद मागता येते. फेडरल ओशाकडे हीच मुदत फक्त ३० दिवसांची आहे. कागदपत्रं कशी का असेनात, इथले सुरक्षेचे हक्क सगळ्यांना सारखे. आपल्यातही व्हिसाच्या धाकाने गप्प बसणारे कमी नाहीत, तेव्हा हे फक्त मेधाताईंच्या बायकांपुरतं समजू नका.

आणखी एक. किचनमध्ये उष्णतेइतकीच डोळ्यांची काळजी घ्या. शेगडीचा चिकटा काढायचे जे स्प्रे मिळतात त्यांतल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये कॉस्टिक सोडा असतो. प्रत्येक बाटलीची सेफ्टी डेटा शीट मागून घ्या, उत्पादकाच्या साइटवर मिळते. सोळा भाग असतात, पण आधी चौथा वाचा, तो प्रथमोपचाराचा, आणि आठवा, हातमोजे-चष्म्याचा. असला पदार्थ वापरत असाल तर डोळे धुवायची जागा दहा सेकंदांत पोचता येईल अशी लागते, आणि तिथे पाण्याची धार पंधरा मिनिटं चालायला हवी. मोरीचा साधा नळ त्यात बसत नाही. परवडत नसेल तर सोपा उपाय म्हणजे कमी जहाल क्लीनर घ्या, म्हणजे मुळात ती गरजच उरत नाही.

अमृता

---

प्रेषक: सुहास

अमृता, रागावू नकोस. कन्सल्टेशन वेगळं असतं हे खरंच माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा आहे तिथेच आहे. काकांनी सांगितलेलं सगळं करायला पैसा लागतो, आणि सात माणसांच्या किचनला एक्झॉस्ट बदलणं झेपत नाही. शिवाय जागा भाड्याची, म्हणजे घरमालकाची परवानगी आली. आणि ती दुकानांत मारामारी होऊ नये म्हणून नवी लेखी योजना करायची म्हणतात, तीही हिच्या गळ्यात पडणार का?

---

प्रेषक: श्रीकांतकाका

पैशाचा मुद्दा खोटा नाही. म्हणूनच कन्सल्टेशनवाल्यांना बोलवायचं, ते आधी स्वस्तातलं सुचवतात. तळण पहाटे पाचला घेतलं तर निम्मा प्रश्न सुटतो, त्याला घरमालकाची परवानगी लागत नाही.

तू म्हणतोस ती कामाच्या ठिकाणच्या हिंसाचाराबद्दलची योजना, १ जुलै २०२४ पासून. तिच्यात सूट आहे: एका वेळी दहापेक्षा कमी माणसं, जागा लोकांसाठी खुली नाही आणि ३२०३ ची योजना पाळलेली आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर. मेधा, ऑर्डर न्यायला गिऱ्हाइकं आत येत असतील तर दुसरी अट मोडते, तेव्हा हे फोनवर नक्की विचारून घे.

अपघाताची खबर द्यायची मुदतही पाठ ठेव. मृत्यू किंवा गंभीर इजा, म्हणजे उपचारांसाठी हॉस्पिटलात भरती, अवयव तुटणं, डोळा जाणं असं काही झालं तर कॅल-ओशाला लगेच कळवायचं, आठ तासांच्या आत. फेडरल नियमात मृत्यूला आठ तास आणि भरतीला चोवीस, त्यामुळे चुकीच्या साइटवर वाचलेला माणूस इथे गोत्यात येतो.

---

प्रेषक: केदार, एडिसन

मी तीन वर्षांपूर्वी बे एरियातून न्यू जर्सीला आलो, पण ही लिस्ट सोडवत नाही. माझा चुलतभाऊ इथे गोदामात काम करतो, ट्रेलरच्या आत ऑगस्टमध्ये भट्टी असते. त्याने ३३९६ दाखवला तर चालेल का?

---

प्रेषक: श्रीकांतकाका

केदार, नाही. न्यू जर्सीत राज्याची यंत्रणा फक्त सरकारी नोकरांसाठी आहे. खाजगी गोदाम फेडरल ओशाखाली येतं. त्याच्या कामाचे नियम फेडरल नियमसंहितेच्या टायटल २९, भाग १९१० मध्ये. ई-सीएफआर नावाच्या सरकारी साइटवर त्याची ताजी प्रत असते. बांधकाम असतं तर भाग १९२६. उष्णतेसाठी तिथे वेगळा सेक्शन नाही म्हणून मूळ कायद्याचं कलम ५(ए)(१) वापरतात: माहीत असलेल्या जीवघेण्या धोक्यांपासून मुक्त जागा देणं हे मालकाचं कर्तव्य. ट्रेलरचा फोटो, तारीख, तापमान लिहून ठेवायला सांग आणि १-८००-३२१-६७४२ वर फोन करायला सांग. मोफत सल्ला मालकांसाठी त्याच्याही राज्यात आहे.

---

प्रेषक: मेधा

काका, अमृता, सगळ्यांचे आभार. सुहासदादा, तुमचेही.

फोन केला. पलीकडच्या बाईंनी आधी माणसं किती, काय काय तळता, हूड चालतो का, एवढंच विचारलं, आणि गणपती झाल्यावरची तारीख दिली. तोवर काय करायचं ते त्यांनीच सांगितलं. भिंतीवरचा थर्मामीटर ८४ होता. कढईपाशी धरला तर ९१. काळ्या गोळ्याचा मागवलाय. तळण पहाटे हलवलं, त्यावर दोघी खूश, कारण मुलांच्या शाळा सुटायच्या आत घरी पोचतात. तिसरीला बस मिळत नाही, तिचं काहीतरी बघावं लागेल. मागच्या स्टोअररूममध्ये एसी आहे, तिथल्या डाळींच्या गोण्या हलवून दोन खुर्च्या टाकल्या. घेरी आलेली बाई म्हणाली, खुर्ची कढईच्या जवळ ठेवा, लांब गेलं तर चकल्या करपतात. तिच्या जागी पाच मिनिटं उभं राहायला आता दुसरीचं नाव पाटीवर लिहितो.

पोस्टर साइटवरून उतरवून घेतलं, दोन्ही भाषांत. ते पत्र कचऱ्यात टाकलं नाही. मंडळातल्या आणखी कोणाला असलंच आलं असेल तर मला कळवा, कंपनी एकच आहे का ते बघू आणि राज्याच्या ग्राहक तक्रारीच्या पानावर एकत्र घालू.

आणि फ्रीमाँट-नुअर्कच्या बाजूला पहाटे साडेचारला कोणी गाडीने येत असेल तर त्या तिसरीला वाटेत घेता येईल का? पेट्रोलचे पैसे मी देईन.

मेधा