विधी ग्रंथालयाने प्राध्यापकांचे निबंध 'चढवत' बसावं का?

तळटीपवाचक

मी एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'डिजिटल प्रकल्प आणि स्कॉलरली कम्युनिकेशन' सांभाळतो. या पदनामाचं मराठी मला अजून जमलेलं नाही. घरी कुणी विचारलं की 'कॉम्प्युटरवर लेख चढवतो' असं सांगून मोकळा होतो, आणि पंचाईत अशी की आठवड्याचा बराचसा वेळ खरोखर तेच करतो. प्राध्यापकांच्या मागे लागून निबंध मिळवायचे. प्रकाशकाने कुठली प्रत खुली करायला परवानगी दिलीय ते शोधायचं (मसुदा की स्वीकृत प्रत की छापील पानं?). वर आमच्या संस्थेचं पान डकवायचं, नोंद भरायची, आणि महिनाअखेरीला 'आपला निबंध इतक्या वेळा डाउनलोड झाला' अशी गोडगोड ईमेल पाठवायची.

माझं मत सरळ सांगतो. विधी ग्रंथालयांनी ही रिपॉझिटरीची (म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन निबंधसंग्रहाची) हमाली बंद करावी. तोच निबंध एसएसआरएनवर (संशोधकांचे निबंध ठेवणारी साइट) असतो, हाइनऑनलाइनवर (कायद्याच्या नियतकालिकांचा डेटाबेस) असतो, नियतकालिकाच्या साइटवर असतो. आम्ही चौथी प्रत ठेवतो आणि तिला 'जतन' म्हणतो.

आणि जे खरंच नाहीसं होतंय, तिकडे बघायला माणूस नाही. झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांचा २०१४चा अभ्यास सगळ्यांना माहीत असेल: अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नाहीत, आणि हार्वर्ड लॉ रिव्ह्यूसकट जी नियतकालिकं त्यांनी तपासली त्यांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर. त्याच न्यायालयाचे न्या. अलिटो यांनी २०११च्या व्हिडिओ गेमच्या खटल्यात तळटीपेत दिलेला एक पत्ता बंद पडला, तो दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतला आणि तिथे लिहून ठेवलं की तुम्ही या पानाचा हवाला दिला नाहीत ते बरं झालं!

गेल्या आठवड्यात आमच्याच एका निबंधातले दुवे एकेक करून उघडले. काही मेलेले होते, काही संस्थेच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडत होते. धडकी भरली ती एका चालू दुव्याने. लेखकाने एका समितीच्या मसुद्यातलं वाक्य अवतरणात दिलंय. त्याच पत्त्यावर आता अंतिम अहवाल आहे आणि त्यात ते वाक्यच नाही. उद्या कुणी पडताळून बघितलं तर लेखकानेच वाक्य रचलं असं म्हणेल.

चॉकवाला

मी 'तुमचा' प्राध्यापक नाही, पण त्याच जमातीतला आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तीन ठिकाणी असतो म्हणालात, त्या तीन जागा कुणाच्या? हाइनऑनलाइनला वर्गणी लागते. नियतकालिकांच्या साइटबद्दल न बोललेलं बरं. एसएसआरएन मे २०१६मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीने घेतलं. आणि ज्या बीप्रेस कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जोरावर निम्म्याहून जास्त लॉ स्कूलांनी आपल्या रिपॉझिटऱ्या उभ्या केल्या... बरं, 'निम्म्याहून जास्त' मागे घेतो, पुष्कळशा म्हणतो... ते बीप्रेससुद्धा ऑगस्ट २०१७मध्ये त्याच घरात गेलं. म्हणजे किल्ली आपली, कुलूप त्यांचं. आणि अशा वेळी ग्रंथालयाचा माणूस म्हणतो, चौथी प्रत कशाला?

माझे निबंध कायद्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरचीच माणसं जास्त वाचतात. घरमालकाशी भांडणारा भाडेकरू, एखादी संघटना चालवणारी बाई. त्यांच्याकडे कुठल्याही डेटाबेसचा पासवर्ड नसतो. त्यांच्यासाठी तुमची चौथी प्रत ही पहिली आणि एकुलती एक असते.

तळटीपवाचक

मालकीचा मुद्दा मान्य. पण त्यावरचा उपाय आपल्या लोकांनी करून पाहिलाय की. २०१७मध्ये लॉअर्काइव्ह ही निबंधांची खुली साइट निघाली, तेही विधी ग्रंथालयांच्या संघटनांच्या पुढाकाराने. मालकी आपली, हेतू चोख. २०२१मध्ये त्यांनी नवे निबंध घेणं थांबवलं. मग काय करायचं, प्रत्येक महाविद्यालयाने आपापली चूल मांडायची?

खटलेवाला

वकिली करतो. दोघांचंही वाचलं, करमणूक झाली.

तुमच्या रिपॉझिटरीतली प्रत मला कोर्टात निरुपयोगी असते. का? पृष्ठ क्रमांक नाहीत! प्रकाशक छापील पानं देत नाही म्हणून तुम्ही लेखकाची वर्ड फाइल पीडीएफ करून टाकता. मी 'अमुक खंड, पान ४१७' असं लिहायचं कुठून? शेवटी छापील अंक शोधावाच लागतो.

मला हवेत ते निकाल. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने काय केलं ते बघा. खंडांचे कणे कापून सुटी पानं स्कॅनरमधून काढली, सुमारे ४ कोटी पानं, ६५ लाखांच्या वर निकाल, आणि २०१८मध्ये ते लोकांसमोर ठेवले. याला म्हणतात डिजिटल प्रकल्प. प्राध्यापकसाहेबांचा निबंध न वाचता माझं अडत नाही, निकाल न मिळता अडतं.

नोंदकर्ती

खटलेवाले, कापलेले कणे सगळ्यांना दिसतात, त्याच्या पुढचं कुणाला दिसत नाही. त्या प्रकल्पाला पैसा रॅव्हेल लॉ या कंपनीने दिला होता आणि त्या बदल्यात एकगठ्ठा डाउनलोडवर बंधनं होती. ती उठली २०२४मध्ये. आणि प्रताधिकारात असलेल्या खंडांमधल्या हेडनोट (निकालाच्या वर दिलेला सारांश) झाकून टाकाव्या लागल्या, कारण निकाल न्यायाधीशाचा असला तरी हेडनोट प्रकाशकाची. ही गंमत आपल्याकडेही आहेच. मोडक खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा कच्चा मजकूर सगळ्यांना मोकळा ठेवला, पण संपादकांनी घातलेले परिच्छेद क्रमांक, कोण सहमत आणि कोण असहमत याच्या खुणा यांना संरक्षण दिलं. म्हणजे स्कॅन करताना पानावरची कुठली ओळ कुणाची आहे हे ठरवायला कुणीतरी बसावं लागतं. ती मी.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. जुन्या लॉ रिपोर्टात मजकुराच्या बाजूला समासात बारीक अक्षरांत टिपा असतात. ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) ओळ सरळ वाचत जातं, मग समासातली टीप निकालाच्या वाक्यात घुसते. 'अपील करणाऱ्याने मुदतीत' इथे वाक्य तुटतं, मध्येच 'पुराव्याचा भार' येतं, आणि मग 'अर्ज केला नाही' हे पुढच्या ओळीत. त्यातला 'नाही' फिकट छपाईत गळला की संपलंच. देवनागरीत तर १ आणि ९ यांचा घोळ कायमचा. झिजलेल्या टाइपातलं 'कलम १' ओसीआरने 'कलम ९' केलं आणि ते तसंच शोधयादीत गेलं तर तो निकाल अस्तित्वात असून नसल्यासारखा. मी भिंग घेऊन बसते. थट्टा नाही, खरंच भिंग आहे.

तेव्हा 'निबंध सोडा, निकाल घ्या' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की हे कोण तपासणार. निबंधाची नोंद मी पाव तासात करते. अशा एका खंडाला किती दिवस जातात ते आमच्या साहेबांनाही ठरवता आलेलं नाही.

खटलेवाला

ताई, दंडवत. हेडनोटवरून आठवलं, अमेरिकेत २०२०मध्ये जॉर्जियाच्या खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या अधिकृत संहितेतल्या टिप्पण्यांनाही प्रताधिकार नाही म्हटलं. अर्थात कारण वेगळं होतं, त्या टिप्पण्या विधिमंडळाच्या नावाने निघत होत्या. खाजगी प्रकाशकाला ते लागू नाही.

पण माझं म्हणणं कायम आहे. अवघड आहे म्हणून सोपं काम करत बसायचं, हे काही पटत नाही.

माजी_संपादक

विद्यार्थी असताना एका लॉ रिव्ह्यूच्या संपादक मंडळात होतो. कायद्यातली पुष्कळ नियतकालिकं विद्यार्थीच चालवतात, आणि विद्यार्थी दरवर्षी बदलतात. हे तुमच्यापैकी कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं.

आमच्यानंतरच्या मंडळाने साइट नव्याने बांधली. देखणी झाली, त्याबद्दल वाद नाही. जुने अंक 'नंतर टाकू' म्हणून बाजूला ठेवले. ते 'नंतर' परीक्षा संपल्यावर मंडळाबरोबरच निघून गेलं. होस्टिंगचं बिल कुणाच्या तरी खाजगी ईमेलवर येत होतं, ती व्यक्ती पदवी घेऊन गेली. जुने अंक कुठून परत मिळाले सांगा? ग्रंथालयातल्या एका बाईंनी प्रत्येक निबंध मुकाट्याने रिपॉझिटरीत टाकून ठेवला होता तिथून. छापील पानांसकट, खटलेवाले, पृष्ठ क्रमांकासकट! स्वतःच्या महाविद्यालयाचं नियतकालिक असेल तर ते सहज जमतं.

२००९चं डरहॅम निवेदन आठवा. अमेरिकेतल्या विधी ग्रंथालयांच्या संचालकांनी म्हटलं होतं की नियतकालिकांनी छपाई थांबवावी आणि टिकाऊ, खुल्या डिजिटल स्वरूपात यावं. तेव्हा काही ग्रंथपालांनी सही करायला नकार दिला. त्यांचा प्रश्न एवढाच होता की टिकाऊपणाची हमी कोण देणार. दरवर्षी बदलणारी पोरं? की ग्रंथालय?

तळटीपवाचक

हे पटलं. आपल्या नियतकालिकाचे अंक ठेवणं हे ग्रंथालयाचं काम, शंभर टक्के. माझा राग आहे तो प्राध्यापकांचे बाहेर छापलेले निबंध गोळा करण्यावर. त्यामागे वाचकाची कळकळ नसते, आकड्यांची हाव असते. अमेरिकेत महाविद्यालयांच्या क्रमवाऱ्या छापणाऱ्या यूएस न्यूजने २०१९मध्ये हाइनऑनलाइनवरच्या उद्धरणांवरून लॉ स्कूलांची क्रमवारी लावायचं जाहीर केलं, तेव्हा काय धावपळ उडाली! प्राध्यापकांची नावं, नावांची रूपं, आद्याक्षरं सगळं तपासत बसले लोक. २०२१मध्ये तो बेतच गुंडाळला. ते तास कुणी परत दिले का?

चॉकवाला

क्रमवारी वाईट, म्हणून निबंध लोकांपर्यंत पोचवणं वाईट? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि नावांची रूपं तपासली हे वाया कसं गेलं? माझ्या नावाचे दोन प्राध्यापक आहेत. त्याच्या जमीन कायद्यावरच्या निबंधाबद्दल मला अजून पत्रं येतात.

नोंदकर्ती

नावांच्या बाबतीत चॉकवाल्यांशी सहमत. ते काम कधीच वाया जात नाही.

माजी_संपादक

तळटीपवाचक, तुमच्या दुव्यांच्या दुखण्याकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे आणि आपण सगळे भरकटलो.

त्यासाठी पर्मा डॉट सीसी ही वेबपानं जतन करणारी सेवा २०१३पासून आहे. हार्वर्डच्याच ग्रंथालयाने सुरू केली, इतर ग्रंथालयं त्यात सामील आहेत. पत्ता द्या, पानाची प्रत साठते, कायमचा दुवा मिळतो, मूळ पत्त्याच्या शेजारी तो छापायचा. पण तो मसुद्याचा किस्सा तुम्हीच सांगितलात ना? निबंध छापून आल्यावर तुम्ही पर्मावर जतन केलं असतं तर अंतिम अहवालच जतन झाला असता. जे वाक्य हरवलंय ते हरवलेलंच राहिलं असतं, वर शिक्का बसला असता. प्रत घ्यायची वेळ म्हणजे लेखक ते पान वाचत असतो तो दिवस. फार तर संपादक तळटीपा तपासतात तो आठवडा.

मग लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या खोलीत त्या दिवशी तुम्ही जाणार कुठल्या निमित्ताने? 'तुमचे दुवे जतन करायला आलोय' म्हणून कुणी दार उघडेल असं मला वाटत नाही.

चॉकवाला

नाही उघडणार. मी तरी नाही उघडलं. आमच्या ग्रंथालयाने दुव्यांबद्दल दोन ईमेल पाठवले होते, वाचलेसुद्धा नाहीत. डाउनलोडचा आकडा आला की मात्र लगेच उघडतो. हसू नका, सगळे तेच करतात.

तळटीपवाचक

म्हणजे त्या गोड ईमेलमध्येच खाली एक ओळ घालायची? 'सध्या काय लिहिताय? तळटीपांतले दुवे मला आत्ताच पाठवा, बाकीचं मी बघतो'?

चॉकवाला

आकड्याच्या खाली घाला. वर घातलीत तर आकड्यापर्यंत जाण्याच्या घाईत कुणी वाचणार नाही.

खटलेवाला

आणि पृष्ठ क्रमांकांचं काय ठरलं?

नोंदकर्ती

वर्ड फाइलमध्ये छापील पान जिथे बदलतं तिथे चौकटी कंसात आकडा घालता येतो, प्रकाशकाने हरकत घेतली नाही तर. मी आमच्याकडे काही निबंधांना घातलेत. एका निबंधाला छापील अंक शेजारी ठेवून जवळजवळ तास जातो. तळटीपवाचक, तुमच्याकडे तो तास आहे का?

तळटीपवाचक

वरचं पान डकवणं सोडलं तर निघेल थोडा. बघतो.