पेरेग्रीन टीएक्स: रिझर्व्ह प्रेशर, नायट्रॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिझमचं सेटिंग काय ठेवावं?

निळेपाणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शिअरवॉटर पेरेग्रीन टीएक्स हा स्कूबा डाइव्हिंगचा मनगटी कॉम्प्युटर आणि सोबत सिलिंडरचा दाब त्याला बिनतारी कळवणारा स्विफ्ट ट्रान्समीटर घेतला आहे. ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण) दोन्ही कोर्स झालेत. आधी नेत्राणी, तिथे हवेवर जास्तीत जास्त १८ मीटर. नंतर अंदमानात स्वराज द्वीपला ३० मीटरपर्यंत, त्यातले काही डाइव्ह ३२ टक्के नायट्रॉक्सवर. सिलिंडर ११.१ लिटरचे ॲल्युमिनियमचे, रेग्युलेटर सेंटरचा. बडीकडे, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराकडे, भाड्याचा सुन्तो झूप नोवो कॉम्प्युटर असेल, म्हणजे त्याला ट्रान्समीटर नाही.

अडलंय ते असं. रिझर्व्ह प्रेशर (राखून ठेवायचा दाब) ५० बार ठेवलं तर पुरे का? बोटीवर सगळे "५० ला वर या" म्हणतात. उरलेल्या गॅसची मिनिटं, म्हणजे जीटीआर, पहिली काही मिनिटं इतकी कमी का दाखवतो? कॉन्झर्व्हेटिझम, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबातला सावधपणा, मीडियम आहे, तो लो केला तर बिघडतं का? सेफ्टी स्टॉप (वर येताना ५ मीटरच्या आसपासचा थांबा) ३ मिनिटांवर ठेवू की 'अडॅप्ट'वर? आणि दोघांच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळा नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे, म्हणजे डेको, स्टॉप न लागता खाली राहता येतो तो वेळ, एनडीएल) दिसला तर कोणाचा धरायचा?

टाकी_अकरा

गॅसचं मी सांगतो, बाकीचं इतर कोणी सांगेल.

५० बार हा बोटीवर पोचतानाचा आकडा आहे. तळाशी असताना किती गॅस हाताशी हवा, हा वेगळा हिशोब, आणि तो दोन माणसांचा करायचा, कारण बडीचा गॅस संपला तर तुमच्या एका सिलिंडरवर दोघं वर येणार. घाबरलेल्या माणसाचा श्वास वाढतो, म्हणून प्रत्येकी मिनिटाला २५ लिटर धरा, दोघांचे ५०.

१८ मीटरवर दाब २.८ बार. गडबड निस्तरायला २ मिनिटं: ५० × २.८ × २ = २८० लिटर. तिथून ५ मीटरपर्यंत मिनिटाला १० मीटरने वर यायला १.३ मिनिटं, सरासरी दाब २.१५: १४० लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटं: २२५ लिटर. शेवटचे ५ मीटर सावकाश, एका मिनिटात: ६२ लिटर. बेरीज ७०७ लिटर. भागिले ११.१, म्हणजे ६४ बार.

हेच ३० मीटरवरून केलं तर ४०० + ३४४ + २२५ + ६२ = १०३१ लिटर, म्हणजे ९३ बार. तेव्हा नेत्राणीसाठी रिझर्व्ह ६५ आणि ३० मीटरच्या डाइव्हसाठी ९५ ठेवा. प्रत्येक डाइव्हच्या ब्रीफिंगनंतर खोली कळली की आकडा बदलायचा, एकदा लावून विसरायचा नाही. सिलिंडर १० लिटरचा हाती आला तर तेवढ्याच लिटरना बार जास्त लागतात, १८ मीटरला ७१.

आता जीटीआर काय मोजतो ते. आहात त्या खोलीवर अजून किती मिनिटं थांबलात तर थेट वर येऊन पृष्ठभागावर रिझर्व्ह शिल्लक राहील, हा तो आकडा. वर येण्याचा वेग मिनिटाला १० मीटर धरलेला असतो. सेफ्टी स्टॉपचा गॅस त्यात धरलेला नसतो. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्या माणसाचे ३ मिनिटांच्या स्टॉपला ९० लिटर जातात, म्हणजे ८ बार. रिझर्व्ह ५० ठेवून जीटीआर शून्य होईपर्यंत खाली राहिलात तर स्टॉप करून बोटीवर ४२ घेऊनच चढाल. डेको स्टॉपही त्यात धरत नाहीत. आणि हे सगळं तुमच्या एकट्याच्या श्वासावर चालतं, बडीचा विचार कॉम्प्युटर करत नाही. तो तुम्ही रिझर्व्हच्या आकड्यात करायचा.

रिझर्व्हला पहिली सूचना येते. दुसरी, क्रिटिकल, रिझर्व्हच्या निम्म्यावर किंवा २१ बारवर, यातलं जे जास्त असेल तिथे येते. रिझर्व्ह ९५ ठेवल्यावर ३० मीटरच्या डाइव्हमध्ये वर येता येताच पिवळी सूचना दिसेल. ते बरोबरच आहे, ती बघून दचकू नका. मात्र तळाशी असताना दिसली तर लगेच वर निघा.

सुरुवातीला जीटीआर कमी दिसण्याचं कारण तापमान. बोटीवर उन्हात सिलिंडर ४० अंशांपर्यंत तापतो, पाणी २८ अंशांचं. २०० बारचे १९२ होतात आणि हे ८ बार कोणी श्वासात घेतलेले नसतात. कॉम्प्युटर मात्र शेवटच्या २ मिनिटांच्या सरासरीवर तुमचा वापर काढतो, त्यामुळे तो वापर फुगलेला दिसतो. त्यात उतरताना बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये) हवा भरलेली असते. पाचेक मिनिटं जाऊ द्या, आकडा स्थिरावतो. प्रवाहाविरुद्ध पोहून लगेच बघितलात तरी असाच झपकन खाली आलेला दिसेल, पण तो खरा असतो. तसंच पोहत राहिलात तर गॅस तेवढाच पुरेल.

सॅक (पृष्ठभागाच्या दाबाला मोजलेला मिनिटाचा गॅस वापर) बारमध्ये दिसतो, लिटरमध्ये नाही. ११.१ लिटरच्या सिलिंडरवर १.८ बार म्हणजे २० लिटर. सिलिंडरचा आकार बदलला की जुन्या डाइव्हच्या सॅकशी थेट तुलना करू नका.

मीठपाणी

टाकी_अकरा यांच्या हिशोबात ट्रान्समीटर बसवण्याची बाजू राहिली, ती आधी घेते, कारण भाड्याच्या रेग्युलेटरवर गडबड तिथेच होते.

ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) 'एचपी', म्हणजे उच्च दाब, लिहिलेल्या पोर्टमध्येच जातो. पाना लावायचा तो खालच्या धातूच्या षटकोनी भागाला. प्लास्टिकचं नळकांडं हाताने पिळून घट्ट केलं तर आतला जोड हलतो आणि पुढे तिथूनच गळती होते. कॉम्प्युटर ज्या मनगटावर त्याच बाजूचं पोर्ट घ्या, मध्ये तुमचं शरीर आलं की सिग्नल तुटतो. कॅमेऱ्याचा स्ट्रोब आणि पाण्यातली स्कूटर यांनीही तुटतो. फर्स्ट स्टेजला एचपी पोर्ट दोन असतील तर काट्याचा गेज काढायचा नाही. एकच असेल तर ट्रान्समीटर पिशवीत ठेवा आणि काटाच वापरा.

कॉम्प्युटरच्या एआय (ट्रान्समीटर जोडणी) सेटअपमध्ये ट्रान्समीटरच्या अंगावरचा सहा आकडी क्रमांक टाकायचा. व्हॉल्व्ह उघडून दाब भरला की तो जागा होतो, रिकामा केला की झोपतो. बोटीवर आणखी दोघांचे ट्रान्समीटर असले तर पडद्यावरचा आकडा काट्याशी जुळवून बघा. पाच-सात बारचा फरक काट्याचा असू शकतो. वीस-तीसचा दिसला तर आधी क्रमांक तपासा.

आता महत्त्वाचं: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे की नाही हे ट्रान्समीटर सांगत नाही. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकतो आणि परत वर जातो. ट्रान्समीटर काही सेकंदांनी एकदा आकडा पाठवतो, त्यामुळे हा झोका त्यात सापडत नाही आणि पडद्यावर मजेत २०० दिसतं. पुढे २५-३० मीटरवर श्वास ओढावा लागतो तेव्हा कळतं. म्हणून पाण्यात उडी मारण्याआधी काट्याकडे बघत तीन-चार दमदार श्वास घ्या.

कॉन्झर्व्हेटिझम: लो म्हणजे ४५/९५, मीडियम ४०/८५, हाय ३५/७५. नो-डेको डाइव्हला दुसरा आकडाच महत्त्वाचा. पृष्ठभागावर येताना सर्वात भरलेल्या ऊतीत नायट्रोजनचा जादा दाब ब्यूलमानच्या (कॉम्प्युटर वापरतो त्या डेको गणिताच्या) मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत चालेल, ते तो सांगतो. पहिला आकडा डेको स्टॉप लागले की पहिला स्टॉप किती खोल ते ठरवतो, त्यामुळे कस्टममध्ये जाऊन नुसता तोच बदलला तर तुमच्या एनडीएलवर काही परिणाम होत नाही. मीडियमच ठेवा. दिवसाला तीन-चार डाइव्ह असा सलग कार्यक्रम असेल, झोप झाली नसेल, पाणी कमी प्यायलं असेल, तर हाय करा. लो करून मिळतात ती चार-पाच मिनिटं, आणि ३० मीटरला हवेवर गॅस तसाही त्याच सुमारास संपत आलेला असतो. कुठल्या सेटिंगला किती मिनिटं मिळतात ते कॉम्प्युटरमधल्याच एनडीएल प्लॅनरमध्ये आदल्या रात्री बघून ठेवा.

नायट्रॉक्समध्ये चूक दोन बाजूंनी होते. सकाळी ३२ वर गेलात, दुपारचा सिलिंडर हवेचा आणि सेटिंग ३२ वरच राहिलं. कॉम्प्युटर आपण होऊन २१ वर येत नाही, झूप नोवोही येत नाही. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरला हवेवर ५६ मिनिटं आणि ३२ टक्क्यांवर ९५. एवढ्या फरकाने तो तुम्हाला खाली राहू देईल. उलट बाजू याहून वाईट: सिलिंडरमध्ये ३६, सेटिंग ३२. ३० मीटरवर खरा पीपीओटू (ऑक्सिजनचा आंशिक दाब) १.४४ असतो, पडद्यावर १.२८ दिसतो आणि कॉम्प्युटर गप्प बसतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर स्वतः ॲनालायझरवर तपासा, ॲनालायझर आधी हवेवर २०.९ ला जुळवा, आणि मगच सेटिंग करा. पीपीओटूची मर्यादा १.४ वरून हलवू नका. १.४ ला नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेची एका डाइव्हची मर्यादा १५० मिनिटं आहे, १.६ ला फक्त ४५.

गेज मोडला चुकूनही हात लावू नका. त्यात ऊतींचा हिशोब ठेवला जात नाही, आणि परत नायट्रॉक्स मोडला आलात की आधीच्या डाइव्हचा नायट्रोजन कॉम्प्युटर विसरलेला असतो.

पाण्याचा प्रकार, खारं की गोडं, यावर मात्र डोकं शिणवू नका. त्याने दाखवलेल्या खोलीत तीनेक टक्के फरक पडतो. डेकोचा हिशोब थेट दाबावरून होतो.

निळेपाणी

दोघांचेही मनापासून आभार. रिझर्व्ह ६५ आणि ९५ करून ठेवलं. आणखी दोन गोष्टी. ॲनालायझरने ३१.६ दाखवलं तर ३१ टाकू की ३२? आणि नेत्राणीचं रद्द झालं तर तारकर्लीला सकाळी दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूर आणि पुढे पुण्याला गाडीने यायचा विचार आहे. चालेल ना?

घाटमाथा

३१ टाका. वर गोल केलं तर कॉम्प्युटर नायट्रोजन कमी धरतो आणि एनडीएल वाढवून दाखवतो. सुन्तोच्या माहितीपुस्तिकेतही खालीच गोल करायला सांगितलं आहे. खाली गोल केल्याने ऑक्सिजनची खोलीमर्यादा जराशी सैल होते, ३१ ची ३५.१ मीटर तर ३१.६ ची ३४.३. ते भरून काढायला सिलिंडरच्या पट्टीवर ३२ ची मर्यादा लिहा, ३३ मीटर, आणि तीच पाळा. तुम्ही ३० च्या खाली जाणारच नाही, म्हणून प्रश्न मिटतो.

सेफ्टी स्टॉप 'अडॅप्ट'वर ठेवा. एरवी तो ३ मिनिटं देतो, पण ३० मीटरच्या खाली गेलात किंवा एनडीएल ५ मिनिटांच्या आत आला तर ५ मिनिटं करतो. डाइव्ह ११ मीटरपेक्षा खोल गेला की स्टॉप लागू होतो, ६ मीटरवर मोजणी सुरू होते आणि २.४ ते ८.३ मीटरच्या पट्ट्यात चालू राहते. लाटेने वर उचललात तर मोजणी थांबते, पुसली जात नाही. परत ११ च्या खाली गेलात तर मात्र नव्याने. वर येतानाचे बाण प्रत्येकी मिनिटाला ३ मीटरचे आहेत. तीन बाणांपर्यंत ठीक.

दोन कॉम्प्युटरचं उत्तर सोपं आहे: ज्याचा वेळ कमी, तो दोघांचा. झूप नोवोचा आरजीबीएम (त्याची डेको हिशोबाची पद्धत) लागोपाठच्या डाइव्हला बहुधा जास्त कडक होतो, तेव्हा तोच आधी ओरडेल. बडीला त्यात पी० (नेहमीचा सावधपणा) आणि ए० आहे ना हे पाण्यात उतरण्याआधी बघायला सांगा. ए० म्हणजे समुद्रसपाटी ते ३०० मीटर उंची. आधीच्या ग्राहकाने काहीही ठेवलेलं असू शकतं, ऑक्सिजनचं सेटिंगसुद्धा. आणि त्याने डेको स्टॉप चुकवला तर तो कॉम्प्युटर ४८ तास कुलूपबंद होतो, सहलीचे पुढचे दोन दिवस त्याच्यावर भरवसा नाही.

आंबोलीचं मात्र नको. डॅन या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका नो-डेको डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्हनंतर १८ तास थांबायचं, आणि ते ६१० मीटरच्या वरच्या उंचीला लागू आहे. विमान असो की गाडी, शरीराला उंचीच कळते. आंबोली साधारण ६९० मीटर आहे. कोल्हापूर आणि पुणं दोन्ही ६१० च्या खाली, पण मध्ये सातारा सातशेच्या वर. गोव्याकडून चोर्ला घाटाने गेलात तर तोही आठशेच्या आसपास. दोन डाइव्हनंतर मालवणात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १८ तास भरल्यावर निघा. सकाळी अकराला पाण्याबाहेर आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचनंतर घाट चढायला मोकळे. हाताला मुंग्या येणं, सांधा दुखणं, अंगावर चट्टे असं काहीही वाटलं तर १८ तास भरले तरी घाट चढू नका. ऑक्सिजन मागा, सेंटरला कळवा आणि किनाऱ्यालगतच राहा.

टाकी_अकरा

एक गोष्ट जोडतो. बडीकडे ट्रान्समीटर नाही, म्हणजे त्याचा गॅस तुमच्या पडद्यावर येणार नाही. रिझर्व्हचा तुमचा आकडा त्यालाही सांगा, १३० आणि १०० बारला हाताने खूण करायची असं बोटीवरच ठरवून घ्या. त्याचा वापर तुमच्याहून जास्त असेल तर डाइव्ह त्याच्या काट्यावर संपवायचा. ३० मीटरला मिनिटाला ७ बारच्या पुढे जातात, दर दोन मिनिटांनी विचारा.