अथेन्सला आधी अ‍ॅक्रोपोलिस की आधी म्युझियम?

भटकंती_चालू: जुलैत आईला घेऊन अथेन्सला जातेय. अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीसाठी एक अख्खा दिवस ठेवलाय. आईचे गुडघे दुखतात पण तिथलं पार्थेनॉनचं प्राचीन देऊळ बघायचंच म्हणते, इतिहास शिकवायची ना ती. आधी वर जायचं की आधी म्युझियम? आणि वर कायम परांची बांधलेली असते म्हणतात, मग एवढं चढून बघण्यासारखं उरतं का काही?

दगडधोंडे: आधी वरच जा, सकाळी ८ ला उघडतं तेव्हाचाच स्लॉट घ्या. तिकिटावर वेळ ठरलेली असते आणि जुलैत ऊन फारच वाढलं तर दुपारी सरळ बंदच करतात. सावली नाही, पाणी भरपूर ठेवा. पायाखालचा संगमरवर घासून घासून गुळगुळीत झालाय, आईंना चांगल्या ग्रिपचे बूट घालायला लावा. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी वायव्य बाजूला लिफ्ट आहे, पण त्याचं आधी विचारून ठेवा, ऐनवेळी नको.

परांचीचं म्हणाल तर मला तेच काम बघायला आवडलं. आधीच्या दुरुस्तीत घातलेले लोखंडी पट्टे गंजून फुगले आणि दगड तडकले, ते काढून आता टायटॅनियम घालतात, नवा दगडही त्याच पेंटेली डोंगरातला, तो पांढराशुभ्र असल्यामुळे जुना कुठला नवा कुठला लगेच कळतं. आणि एक कराच, पार्थेनॉनच्या कोपऱ्यावर उभं राहून लांब बाजूच्या पायरीच्या कडेने नजर टाका, टोकांपेक्षा मधे साधारण ११ सेंटिमीटर उंच आहे ती! मुद्दाम केलेलं आहे, इ.स.पू. ४४७ ला काम सुरू झालं तेव्हाचं.

निवांत_प्रवासी: वेळेचं पटलं, पण आई इतिहासवाल्या आहेत तर मी म्युझियम आदल्या संध्याकाळी करेन. १६८७ मधे व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडला आणि आत तुर्कांची तोफांची दारू साठवलेली होती म्हणून देवळाचा मधला भाग उडाला, हे माहीत असलं की वर त्या मोकळ्या जागेकडे बघताना फार वेगळं वाटतं. म्युझियमच्या वरच्या मजल्यावर देवळाची शिल्पपट्टी मूळ दिशेनेच लावलीय, मधासारख्या रंगाचे तुकडे खरे, पांढरे प्लास्टरचे म्हणजे ज्यांचे मूळ बहुतेक लंडनला आहेत ते. कॅरिॲटिड्सच्या, म्हणजे खांबाच्या जागी उभ्या असलेल्या दगडी स्त्रियांच्या, मागे जाऊन त्यांच्या वेण्या बघा, टेकडीवर आहेत त्या प्रतिकृती. म्युझियमचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं.

भटकंती_चालू: मस्त, मग आदल्या संध्याकाळी म्युझियम आणि ८ चा स्लॉट. लिफ्टचं आजच विचारते.