आमवातात मालिश करावी की नाही? मदत हवी आहे

आईला (वय ६२, अमळनेर) बऱ्याच वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. जळगावच्या डॉक्टरांची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा चालू आहे, ती बंद करायची नाही. हाडंही ठिसूळ झाली आहेत, त्यामुळे जोरात रगडणं नकोच. शुगर, बीपी नाही.

दुखणं दोन प्रकारचं आहे. बोटं आणि मनगटं सुजून गरम होतात, तेव्हा आम्ही तिथे हातही लावत नाही. पण सूज उतरल्यावरही मान, खांदे, पोटऱ्या आखडलेल्या राहतात, सकाळी तर तासभर मूठ वळत नाही. खांद्यांना हलक्या हाताने तिळाचं तेल चोळलं की तिला रात्री झोप लागते. तिचा चेहराच सांगतो. गावातल्या मालिशवाल्या बाईंनी दाबून चोळलं तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी उठणं कठीण झालं.

आता अडचण अशी, फिजिओथेरपिस्ट म्हणतात सांधे सोडून स्नायूंना हलकी मालिश चालेल. वैद्य म्हणतात आमवातात तेल नकोच, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक द्या. पण आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, तो शेक तिला सहन होत नाही.

ज्यांच्या घरी आमवाताचा पेशंट आहे त्यांनी कृपया सांगा: सूज नसताना मालिश किती वेळ आणि किती दिवसाआड करता? तेल न लावता नुसत्या हाताने केली तर तेवढाच आराम पडतो का? आणि जळगाव-धुळे भागात घरच्यांना हे हाताला धरून शिकवतील अशा महिला फिजिओथेरपिस्ट कुठे भेटतील?