‘रेड फ्लॅग लॉ’ला मराठीत काय म्हणावं?

बे एरियातल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय. कॅलिफोर्नियात २०१६पासून कायदा आहे: एखाद्याच्या हातून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी भीती असेल, तर घरचे किंवा पोलीस कोर्टात अर्ज करतात. कोर्टाला पटलं तर त्याच्या बंदुका काही काळ काढून घेतात. बोलताना सगळे ‘रेड फ्लॅग लॉ’ म्हणतात. मी सरळ ‘लाल बावटा कायदा’ लिहिलं आणि मसुदा नाशिकच्या मावशीला पाठवला. तिचा फोन आला, “काय गं, अमेरिकेत कम्युनिस्टांवर बंदी आली का?”

— मावशीचं काय चुकलं? लाल बावटा म्हटलं की आपल्याला मोर्चाच दिसणार. ‘लाल झेंडी’ही नको, प्रस्तावाला लाल झेंडी म्हणजे नकार. शिवाय अमेरिकेतल्याच मेन राज्याने बंदुका काढून घेण्याआधी वैद्यकीय तपासणीची अट घातली, त्या कायद्याला ‘यलो फ्लॅग’ म्हणतात. त्याचा काय पिवळा बावटा करणार? झेंडे सोडा, ‘शस्त्रजप्ती कायदा’ म्हणा.

— ‘जप्ती’ला माझा विरोध. जप्ती म्हटलं की कर्ज थकलेलं असतं नाहीतर गुन्हा घडलेला असतो. इथे गुन्हा घडलेला नसतोच, तो घडू नये म्हणून तर खटाटोप. निवडणूक आली की आपल्याकडे परवानाधारक बंदुका पोलीस ठाण्यात ‘जमा’ करून घेतात. ‘शस्त्र जमा’ हा तयार शब्दप्रयोग आहे की!

— पण जमा आपण होऊन करतात. इथे पोलीस दारात येतात.

— दोन्ही होतं. पोलिसांनी मागितली तर तिथल्या तिथे द्यायची. नाहीतर २४ तासांत पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची आणि पावती ४८ तासांत कोर्टात दाखल करायची. म्हणून ‘जमा’लाच माझं मत.

— मी कोर्टात कारकुनी केली. दुसरी बाजू न ऐकता निघतो तो ‘एकतर्फी तूर्तातूर्त हुकूम’. कॅलिफोर्नियात तो २१ दिवसांचा. सुनावणीनंतरच्या हुकुमाला मात्र ‘अंतिम’ म्हणू नका, वाचणाऱ्याला कायमचा वाटेल. तो १ ते ५ वर्षांचा असतो. ‘सुनावणीनंतरचा मुदतीचा हुकूम’ लांबलचक आहे, पण खरा आहे.

— आणि मसुद्यात कुठे ‘धोकादायक व्यक्ती’ असेल तर आधी खोडा. गुंडांना स्थानबद्ध करणाऱ्या आपल्या महाराष्ट्राच्या १९८१च्या एमपीडीए कायद्याच्या नावातच ते शब्द आहेत, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत. वाचणाऱ्यापुढे सराईत गुंड उभा राहील. इथे मात्र तो घरात दार लावून बसलेला, जिवाचं बरंवाईट करीन म्हणणारा बापही असू शकतो.

— खोडलं! चार ठिकाणी होतं. आता मथळा ‘शस्त्र-जमा हुकूम’ आणि खाली एका ओळीत ‘रेड फ्लॅग लॉ’. नवा मसुदा मावशीला पाठवला. ती म्हणाली, “हां, म्हणजे निवडणुकीत आपले दादा बारा बोअरची बंदूक ठाण्यात ठेवून यायचे तसं. मग पावती जपून ठेव म्हणावं.”