बी-३०३ मधली मांजर

सावंत काकू बी-३०४ (सकाळी ७:५२): माधवी, राग मानू नकोस, पण विचारते. तुझ्या मांजरीला एड्स आहे असं कचऱ्याच्या मावशींकडून कळलं. लेक बाळंतपणाला आलीय, सातवा लागलाय. गेल्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे. दाराला दार लागून, निदान सांगायचं तरी होतंस.

राणे काका ए-२०२ (७:५८): मांजरीचा वैद्यकीय दाखला ऑफिसात जमा करावा. तोपर्यंत लिफ्टमधून नेऊ नये.

पाटील दादा ए-१०१ (८:०३): दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा का काका?

राणे काका (८:०४): चेष्टेचा विषय नाही.

माधवी बी-३०३ (८:१०): काकू, राग कसला. आधी तुमच्याकडे येऊन सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. नेरूळ स्टेशनवर आहे, गाडीत बसले की लिहिते.

माधवी (८:३१): आजाराचं नाव एफआयव्ही. एचआयव्हीच्याच कुळातला विषाणू, पण मांजरांचा. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हापासून माणसाला झाल्याची एकही नोंद नाही. मांजरींचे चावे सोसणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनाही नाही. मांजरीकडून मांजरीला जातो तोही मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणून मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांत जास्त दिसतो. जिन्याच्या कठड्याला हात लागून, हवेतून नाही. शरीराबाहेर तो फार वेळ टिकतच नाही.

माधवी (८:३३): हिची प्रतिकारशक्ती कमी, त्यामुळे जपायचं आहे ते हिला. दोन वर्षं शेल्टरच्या पिंजऱ्यात होती. लोक यायचे, मांडीवर घ्यायचे, कागदावरचा तो एक शब्द वाचायचे आणि शेजारच्या पिंजऱ्यातलं पिल्लू घेऊन जायचे. मी पाहिलंय ते.

कुलकर्णी वहिनी ए-४०३ (८:४०): मी लिफ्टपाशी बघितली. एका कानाचा तुकडाच नाहीये. झडतोय का?

माधवी (८:४२): नाही वहिनी, नसबंदी झाल्याची खूण आहे ती. भूल दिलेली असतानाच कानाचं टोक कापतात, म्हणजे पुन्हा कोणी पकडून नेत नाही.

जोशी बी-४०४ (८:४५): रोगराईचा विषय निघालाच आहे तर गच्चीवर कबुतरांना दाणे कोण टाकतं तेही विचारा. माझ्या एसीवर थर साचलाय. आईचा खोकला जात नाही.

कुलकर्णी वहिनी (८:४६): नाव घेऊन बोला.

जोशी (८:४६): नाव सगळ्यांना माहीत आहे.

कुलकर्णी वहिनी (८:४८): गच्चीच्या किल्लीचं प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं दिसत नाही.

राणे काका (८:५०): मांजरीचा वैद्यकीय दाखला ऑफिसात जमा करावा.

सावंत काकू (९:०५): लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय, मांजराच्या घाणीपासून लांब राहा. तेही खोटं का मग?

माधवी (९:१४): ते अगदी खरं, काकू. पण तो वेगळा आजार, टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूचा. अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतूनही होतो. मांजराच्या शीमधलं त्याचं बीज बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगं व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ उचलते, दोन पिशव्यांत बांधून स्वतः खालच्या डब्यात टाकते, मावशींच्या हातात देत नाही. ही घराबाहेर जात नाही, कच्चं मांस देत नाही. तरी माझ्यावर विसंबू नका, ताईला डॉक्टरांना विचारू दे. गेल्या वर्षीचं विसरले नाहीये मी.

पाटील दादा (९:२०): आणि आमच्या बंड्या बोक्याचं काय? तो रात्रभर पार्किंगमध्ये असतो.

माधवी (९:२४): दादा, माझ्या बाल्कनीला जाळी आहे, ही बाहेर यायची नाही. बंड्याला भीती सेक्टरातल्या बोक्यांची. मागच्या महिन्यात त्याच्या गालाला गळू झालं होतं ना? बहुतेक चाव्याचंच. नसबंदी करून घ्या, भांडणं कमी होतील. तेव्हाच रक्तही तपासून घ्या. थोडंसं रक्त लागतं, काही मिनिटांत कळतं.

पाटील दादा (९:२६): बंड्या मला घरात घेणार नाही मग.

जोशी (९:२७): घर त्याचंच आहे, तुम्ही भाडेकरू.

देशमुख, सेक्रेटरी (१०:१५): पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. कृपया विषय थांबवावा. शनिवारी टाकी धुणार, १० ते ४ पाणी बंद.

कुलकर्णी वहिनी (१०:१६): परवाच धुतली ना टाकी?

जोशी (१०:१७): ती बी विंगची. ए विंगचं सगळं उशिरानेच होतं.

राणे काका (१०:३०): मांजरीचा वैद्यकीय दाखला ऑफिसात जमा करावा.

माधवी (१०:३४): काका, लसीकरणाचं कार्ड आणि तपासणीचा रिपोर्ट, दोन्हींची झेरॉक्स आज रात्री देते. फक्त एक विनंती. रिपोर्ट वाचून तिला परत पाठवा म्हणू नका. ते मी करणार नाही.

पाटील दादा (दुपारी १:१०): माधवी, नसबंदी कुठे करतात ते पर्सनलवर टाक.

माधवी (रात्री ९:४०): काकू, तीन दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होती. आज भात-चिकनचा वास आल्यावर पोट जमिनीला टेकवत बाहेर आली, बोट चाटलं आणि पुन्हा आत पळाली.

सावंत काकू (९:५२): मघाशी ओरडत होती ती तीच का? लेक म्हणते फोटो टाक. दार मात्र लावून घेत जा गं.

राणे काका (९:५५): झेरॉक्स मिळाली. लसीची पुढची तारीख नीट दिसत नाही.