नडगीत रॉड, हाड जुळलं, पण गुडघा ९५ अंशांपुढे वाकत नाही. रॉड काढावा का?

द्राक्षबाग_पिंपळगाव
धाकट्या भावासाठी विचारतोय. वय २९, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर उभ्याचं काम. बाईकच्या अपघाताला १४ महिने झाले. डाव्या नडगीत टायटॅनियमचा रॉड आहे, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. पण मांडी घालता येत नाही, शिफ्ट संपेपर्यंत घोटा आणि पोटरी सुजते, थंडीत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणकतं. घरचे म्हणतात रॉड काढला की पाय मोकळा होईल. खरं आहे का? आणि बाईक परत चालवता येईल का?

फिजिओ_गंगापूररोड
रॉड काढल्याने गुडघा मोकळा होत नाही, हे घरच्यांना आधी सांगा. रॉड हाडाच्या पोकळीत असतो, तो सांध्याला अडवत नाही. अडवतात ते वाटीच्या वर आणि आजूबाजूला चिकटलेले पडदे, आणि वाळलेला मांडीचा स्नायू. पुढचा ठणका मात्र रॉडशी संबंधित असू शकतो, कारण तो वाटीखालच्या कंडरेजवळूनच (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आत घालतात. बाजूने काढलेल्या एक्स-रेत रॉडचं टोक हाडाबाहेर आलेलं दिसलं, तर काढण्यात अर्थ आहे. तरीही काहींचं दुखणं काढल्यावर राहतंच.

घरी एक तपासणी करा. उताणं झोपवून त्याला स्वतःच्या ताकदीने गुडघा वाकवायला सांगा. मग टाचेला टॉवेल अडकवून हाताने ओढायला सांगा. हाताने जास्त वाकला तर ताकद कमी पडतेय. दोन्ही वेळा एकाच जागी टक्कन अडला तर चिकटलेलं आहे. शिवाय पाय सरळ केल्यावर गुडघ्यामागचा खळगा गादीला टेकतो का तेही बघा. मांडी न घालता माणूस जगतो, पण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर रोजचं चालणं लंगडं होतं आणि कंबर धरते.

व्यायाम दिवसातून तीनदा. आधी १० ते १५ मिनिटं शेक. मग पाय सरळ आणि मांडी सैल ठेवून वाटी वर-खाली, डावी-उजवीकडे बोटांनी सरकवायची, प्रत्येक बाजूला ५ सेकंद, १० वेळा. वाटी सरकत नसेल तर गुडघा वाकणारच नाही, आणि लोक नेमकं हेच टाळतात. त्यानंतर टॉवेलने टाच ओढून ३० सेकंद धरायचं, ५ वेळा. शेवटी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलायची, १० सेकंद, १० वेळा. दुखणं तासाभरात उतरलं तर ठीक. सकाळी गुडघा गरम आणि सुजलेला असेल तर जोर कमी करा. मालिशवाल्याकडून दाबून वाकवून घेऊ नका, त्यात कंडरा फाटते.

महिन्यातून एकदा वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजून लिहा. तीन महिने हे नेमाने करूनही अंश वाढले नाहीत, तर दुर्बिणीने चिकटलेलं सोडवण्याबद्दल सर्जनला विचारा.

सूज आधी डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासून घ्या. शिरेत रक्ताची जुनी गुठळी नसेल आणि पायाचा रक्तपुरवठा चांगला असेल, तर डॉक्टर सांगतील त्या दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. मशीनजवळ जाड रबरी मॅट आणि ५-६ इंचांचं पायठाण ठेवा, दर १५ मिनिटांनी पाय बदलायचा. पोटरी अचानक टणक झाली, दम लागला, किंवा जुन्या जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना. हाडातला जंतुसंसर्ग वर्षांनंतरही डोकं वर काढतो.

सातपूर_गॅरेज
डावा पाय म्हणजे प्रश्न गिअरचा. घोटा वर उचलला जात नसेल तर पंजाने गिअर वर ओढता येत नाही. पुढे-मागे दोन्हीकडे पाय ठेवायची जागा असलेला लिव्हर बसवा, म्हणजे तेच काम टाचेने खाली दाबून होतं. डबल स्टँड काही महिने विसरा. सुरुवात हलक्या, कमी उंचीच्या गिअरलेस गाडीवर मोकळ्या मैदानात करा. थांबल्यावर गाडीचा भार डाव्या पायावर तोलता येतो का, एवढं बघा. ते जमेपर्यंत द्वारका चौकासारख्या गर्दीत नको.

द्राक्षबाग_पिंपळगाव
आभारी आहे. बागेत छाटणीनंतर खाली बसायचं काम असतं, ते? आणि अपघाताच्या भरपाईच्या दाव्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागेल का? दावा दाखल केलेला आहे.

फिजिओ_गंगापूररोड
९५ अंशांत उकिडवं बसता येत नाही. १८ इंचांचा स्टूल न्या, घरी कमोडही तेवढ्याच उंचीचा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

कोर्टकचेरी_नाशिक
दावा वेळेत गेलाय हे बरं झालं. १ एप्रिल २०२२ पासून अशा दाव्यांना सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. दाखल्यासाठी स्वावलंबन कार्डाच्या (अपंगांचं ओळखपत्र) संकेतस्थळावर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. रॉड आहे म्हणून टक्के मिळत नाहीत, सांध्याची हालचाल आणि ताकद किती गेली त्यावर मिळतात.

दाव्यात मात्र टक्के कमी आले म्हणून खचू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलंय, की वैद्यकीय टक्के आणि कमाईची क्षमता किती घटली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे कंपनीचं पत्र घ्या: काम किती तास उभ्याचं, हलकं काम दिलं का, ओव्हरटाइम बंद झाला का. अपघाताआधीच्या आणि नंतरच्या पगारपावत्या, फिजिओ आणि रिक्षाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. साक्ष द्यायला तपासणारे डॉक्टर लागतात, आणि त्यांच्या कागदावर "गुडघा आखडलेला" असं मोघम नको, किती अंश वाकतो ते आकड्यात हवं.